हंबर सायकलीला दांडी टाकू नये

मी, नीलाबाई भ्रतार कै. मन्मथप्पा कोरे, वय अंदाजे पंचावन्न, धंदा शिक्षकी, राहणार लातूर, लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी पोटातली गाठ चाचपून पाहिली, हात धुतले आणि माझ्याशी न बोलता माझ्या भावाशी बोलले. त्यावरून जे समजायचे ते मी समजले. हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने आणि माझ्या अकलेने लिहीत आहे. अदालतीसाठी उर्दू तर्जुमा लागेल तो हणमंतराव वकील करून देतील, मात्र त्यांनी तर्जुमा करताना माझे बोलणे गोड करू नये.

कलम पहिले, देहाबद्दल. आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे मला बसवूनच समाधी द्यावी. इतकी वर्षे सॅडलवर बसले, तेव्हा बसण्याची मला अडचण नाही. माझे दीर मलप्पा यांनी खांदा देण्याची तसदी घेऊ नये. माझ्या प्रत्येक कामाच्या वेळी त्यांची पाठ दुखत आली आहे, ती याही वेळी दुखेल.

कलम दुसरे, घराबद्दल. मी राहते ती खोली सासरच्या घरातली आहे. यजमान वारल्यावर मला तिथे राहण्याचा हक्क मिळाला, देण्याचा नाही. तेव्हा ती मलप्पांकडेच जाईल आणि त्याबद्दल मला लिहिण्यासारखे काही नाही. पण ज्या दिवशी मी सायकल घेऊन दारात आले, त्या दिवशी त्यांनी दरवाजाला जे पितळी कुलूप घातले, ते दार उघडल्यावर मी काढून घेतले आणि पेटीत जपून ठेवले आहे. ते त्यांना परत द्यावे. किल्ली सापडत नाही, त्यास माझा नाइलाज आहे.

कलम तिसरे, चीजवस्तूंबद्दल. शेजारच्या गौरम्मा यांना माझी भांडी, दोन्ही इरकली लुगडी आणि पोस्टात असेल ती शिल्लक द्यावी. मी सायकल शिकले तेव्हा सॅडल धरून त्या धावल्या. विधवेच्या सायकलीमागे धावणारी बाई म्हणून त्यांना जे ऐकावे लागले, त्याची भरपाई भांड्यांनी होत नाही, हे मला कळते. लोकांना हसायला काही लागते, आणि त्या वर्षी लातुरात दुसरे काही घडत नव्हते.

कलम चौथे, हत्यारांबद्दल. पंप, पाने, टायर काढायच्या पट्ट्या आणि तेलाची बुधली खाजामियाँ यांना द्यावी. गंजगोलाईच्या गोल बाजारात त्यांचे सायकलीचे दुकान आहे हे लातुरात कोणाला सांगायला नको. यातली निम्मी हत्यारे मुळात त्यांचीच आहेत, मी मागून आणली आणि दिली नाहीत.

खाजामियाँ आणि मी तेरा वर्षे भांडत आलो. त्यांचे म्हणणे, जगात सायकल एकच, रॅले. माझे म्हणणे हंबर. शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानापुढच्या बाकावर बसायची, ते आतून चाकाच्या तारा आवळत बोलायचे, आणि येणारे-जाणारे उभे राहून आमचे ऐकायचे. सायकल घ्यायला आलेल्या माणसाला आम्ही दोघे मिळून इतके सल्ले द्यायचो की तो बैल घेऊन घरी जायचा. तरी जे सल्ले द्यायचो ते येथे लिहून ठेवते, हीही माझी मिळकतच आहे. सायकल घेताना रंग पाहू नये. सॅडलवर बसून टाच पेडलला लावावी, गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पुढचे चाक उचलून फिरवावे आणि कान लावावा, आवाज येता कामा नये. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात मडगार्ड घट्ट असून चालत नाही, चिखल अडकतो. आणि बाभळीच्या काट्यापुढे कोणत्याही कंपनीचे काही चालत नाही, यावर आमचे दोघांचे एकमत होते.

कलम पाचवे, सायकलीबद्दल. हीच माझी खरी दौलत. हंबर कंपनीची बायकांची सायकल, मधली आडवी दांडी नसलेली, चेनला पूर्ण झाकण, सन १३४२ फसलीत, म्हणजे तेरा वर्षांपूर्वी, माझ्या पगारातून घेतलेली. मुंबईहून कुर्डुवाडीपर्यंत आणि तिथून बार्शी लाइटच्या लहान गाडीने ती लातूरला आली. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर कारकुनाने विचारले, हिची दांडी कुठे पडली. खाजामियाँ म्हणाले, "साहेब, पडली न्हाई. लुगडं नेसून बसायची हाय ही." कारकुनाने माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला.

ही सायकल माझा भाऊ बापूसाहेब हलगे यांची थोरली मुलगी विशाखा हिला द्यावी. विशाखा अठरा वर्षांची आहे. तिला मीच शिकवले, आधी अक्षरे, मग गोलाईभोवती सायकल. गोलाईत शिकण्याचा फायदा असा की माघारी वळावे लागत नाही, फिरत राहायचे. सध्या ती माझ्याच शाळेत लहान वर्ग घेते. येत्या माघात तिचे लग्न नांदेडला ठरले आहे. नांदेडच्या मुलींच्या शाळेत तिला जागा मिळते आहे, पण शाळा सासरपासून दोन कोस. पायी जाऊन घरचे उरकून शिकवणे होणार नाही. सायकल असली तर नोकरी, नसली तर चूल, इतके ते सरळ आहे.

आता जावयाबद्दल लिहिणे भाग आहे. ईश्वरप्पा यांचे नांदेडला कापडाचे दुकान आहे. दिवाळीनंतर ते मुलगी पाहायला आले. बापूसाहेबांच्या ओसरीत माझी सायकल उभी होती. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली, उठले, पुढचे चाक उचलून फिरवले आणि कान लावला. म्हणाले, "बाई, आवाजच न्हाई की हिला." मला भरून आले. मग आम्ही टायर, ब्रेक, सॅडलचे कातडे, सगळे काढले. नांदेडहून हदगावला सायकलीने जाऊन ते त्याच दिवशी परत आले होते, तो रस्ता त्यांनी मला दगडादगडाने सांगितला. खाजामियाँना बोलावून घेतले, तेही रमले. विशाखा चहा ठेवून गेली, तो गार झाला.

आत बापूसाहेबांनी मला विचारले, "अक्का, पोरगा कसा वाटला?" मी म्हणाले, चांगला आहे. चाक उचलून ऐकणारा माणूस वाईट निघेल असे माझ्या मनाला शिवले नाही. खाजामियाँही तेच म्हणाले. विशाखाने लग्नानंतर सायकल चालवली तर चालेल का, हे आम्ही कोणी विचारले नाही. सायकलीबद्दल इतके बोलणे झाले होते की ते विचारून झाले असे सगळ्यांनाच वाटले.

साखरपुड्यानंतर बापूसाहेब नांदेडहून निरोप घेऊन आले. ईश्वरप्पा म्हणतात, सायकल लग्नात आणा, मधे दांडी टाकून घेतो, दुकानाच्या कामाला येईल. विशाखाने चालवायचे म्हणाल तर गिऱ्हाईक हसेल. मी बापूसाहेबांना म्हणाले, मोड हे लग्न. ते म्हणाले, "अक्का, पत्रिका छापून झाल्यात. सायकलीपायी लगीन मोडलं म्हणलं तर पोरीला पुन्हा कोण विचारंल?" पूर्वी असते तर मी सरकारी प्रवासी मोटारीने नांदेड गाठले असते. आता खोलीतून ओसरीपर्यंत यायचे तर गौरम्मांचा हात लागतो. ईश्वरप्पा दुष्ट नाहीत. त्यांचा सायकलीवर खरोखर जीव आहे, आणि हेच मला जास्त लागते.

म्हणून मी अट घातली की सायकल विशाखाचे स्त्रीधन राहील, तिला दांडी टाकू नये, पतीने ती वापरू नये, आणि तसे झाल्यास ती खाजामियाँकडे परत यावी. हणमंतराव वकिलांनी वाचले आणि चष्मा काढला. "बाई, अट लिहा. पण नांदेडला जाऊन बघणार कोण? कागदावर सायकल तिची, घरात त्यांची." खाजामियाँ शेजारीच होते. ते म्हणाले, "मी तर दांडी न्हाई टाकणार, बाई. पण नांदेडात का मिस्त्री कमी हायेत?"

कलम सहावे. वरील कलम पाचवे मी रद्द करते. खोडत नाही, वाचणाऱ्याला कळावे म्हणून तसेच ठेवते. रद्द करण्याचे कारण असे की आज दुपारी विशाखा आली, आणि मी तिला ते वाचून दाखवले. तिने पूर्ण ऐकले. मग म्हणाली, "आत्याबाई, माझ्या नावानं लिहू नका."

मी कारण विचारले.

"दांडी टाकून ती दारात उभी राहील. ते बसून जातेल अन् मी बघत राहीन. रोजच. मला न्हाई बघवणार."

मी म्हणाले, मी बापूसाहेबांशी पुन्हा बोलते.

"दोनदा बोललात की. आता तुमाला बसवंना सुद्धा." तिने माझे पांघरूण नीट केले. ती रडली नाही. मीच रडले, आणि शिकवणारीने शिकणारीपुढे रडू नये हा माझा नियम मोडला.

मग कोणाला देऊ, असे विचारल्यावर ती म्हणाली, "लताला द्या."

लता म्हणजे विशाखाची धाकटी बहीण, आठ वर्षांची. खाजामियाँनी तिला बोलावून सायकलीवर बसवून पाहिले. सॅडल अगदी खाली घेतले, पेडलला लाकडी ठोकळे बांधले, तरी पाय वीतभर वर राहिले. ते म्हणाले, दोन-तीन वर्षे लागतील, तोवर मी तेलपाणी करीन. सबब सदर हंबर सायकल मी चि. लता बापूसाहेब हलगे हिला देते. तिचे पाय पेडलला टेकेपर्यंत ती खाजामियाँच्या दुकानात राहील. पाय टेकण्याआधी बापूसाहेबांनी लताचे लग्न ठरवू नये, असेही मी लिहिते. हणमंतराव म्हणतात, असले कलम कोणत्याही अदालतीत चालत नाही. चालत नसले तरी ते येथे असू द्यावे.

हणमंतरावांनी असेही सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष घेता येत नाही. त्यामुळे गौरम्मा आणि खाजामियाँ यांच्या सह्या घेतलेल्या नाहीत. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली आहे.

मुक्काम लातूर, तारीख २० इस्फंदार सन १३५५ फसली (इंग्रजी जानेवारी १९४६).

सही: नीलाबाई कोरे, दस्तुरखुद्द.

साक्षीदार:
हणमंतराव, वकील, लातूर.
विशाखा बापूसाहेब हलगे, शिक्षिका, लातूर. हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, सबब साक्षीस हरकत नाही.