समुद्रावरच्या वाऱ्याचा परिचय

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.१०
नवीन डायरी. संकल्प तीनच. साखर बंद. रोज कब्बन पार्कला चार फेऱ्या. आणि १ जुलैला 'सेवाज्योत क्लब, कंटोन्मेंट'चा अध्यक्ष होणे. तिसऱ्याला संकल्प म्हणायचं कारण नाही, ते ठरल्यातच जमा आहे. तेवीस वर्षं मी सेक्रेटरी. आत्ताचे अध्यक्ष व्यंकोजीअण्णा ब्याऐंशी वर्षांचे. ते घंटी वाजवून सभा सुरू करतात आणि घंटीचा आवाज थांबायच्या आत त्यांचा डोळा लागतो. माझ्याखेरीज कोणी इच्छुक नाही. तेव्हा बिनविरोध.
दुपारी: हिने खीर केली होती. साखर उद्यापासून.

३ जानेवारी, शनिवार
सेवाज्योतच्या प्रांत कार्यालयाचं पत्र. आमचे सभासद अकरा. नियमाप्रमाणे किमान पंधरा हवेत. ३१ मार्चपर्यंत चार नवे सभासद मिळाले नाहीत, तर क्लब बंद. क्लब बंद म्हणजे अध्यक्षपदही बंद. पत्राची भाषा उद्धट आहे. घाबरण्यासारखं मात्र काही नाही. बेंगळुरूत कोटीच्या वर लोक राहतात, त्यातले चार हवेत.
अकरांत आमची ही, उल्का, धरलेली आहे. पाच वर्षांपूर्वी एक जण कमी पडत होता म्हणून मी हिला सभासद करून घेतलं. ती दर गुरुवारी माझ्याबरोबर येते, मागच्या रांगेत बसते. आवड आहे तिला.

८ जानेवारी, गुरुवार
साप्ताहिक सभा. शिवाजीनगरच्या नेहमीच्या हॉटेलात, खाली उभ्याने खायची दर्शिनी आहे तिच्या वरच्या हॉलमध्ये. हजर सहा. पाहुणे वक्ते गुडघेदुखीचे डॉक्टर. मी त्यांचा परिचय करून दिला. पाहुण्यांचा परिचय हे आमच्या क्लबचं वैशिष्ट्य आहे आणि परिचय ही माझी खासियत आहे, हे सगळा कंटोन्मेंट जाणतो. बावीस मिनिटं झाली. डॉक्टरांना क्लिनिक गाठायचं होतं, त्यामुळे ते थोडक्यात बोलले.
जिन्यात आमचा सभासद रघुनंदन म्हणाला की बिंदुअण्णा, परिचय स्वल्प कमी करा, खाली इडली थंड होते. रघुनंदनचं चिकपेटला साड्यांचं होलसेल दुकान आहे. वक्तृत्वाशी त्याचा संबंध येत नाही.
तरीही मी मोठ्या मनाने ठरवलं: पुढचा परिचय तीन मिनिटांत.

१७ जानेवारी, शनिवार
मुलगी हर्षिता व्हाइटफील्डहून आली. तिला पत्र दाखवलं. ती म्हणाली की गुडघ्यांवर भाषणं ठेवलीत तर गुडघेच येतील, तरुण लोकांना आवडेल असं काही ठेवा. तिच्या अपार्टमेंटमध्ये मनस्विनी नावाची एक मुलगी राहते. मूळची पुण्याची, समुद्रात उभ्या करतात त्या पवनचक्क्यांची इंजिनियर. दोन वर्षं डेन्मार्कला होती. हर्षिता म्हणाली की ती फार छान बोलते.
ऑफशोअर विंड एनर्जी. विषय ऐकताक्षणीच माझ्या लक्षात आलं की हा विषय मलाच सुचणार होता.

२२ जानेवारी, गुरुवार
सभेत विषय मांडला. हजर पाच. व्यंकोजीअण्णा जागे झाले आणि त्यांनी विचारलं की आपल्या गावाला समुद्र कुठे आहे. मी म्हणालो, म्हणूनच. रघुनंदनने विचारलं, म्हणूनच म्हणजे काय. मी म्हणालो की ते परिचयात येईल. ठराव मंजूर. तारीख २६ फेब्रुवारी. व्हाइटफील्डहून वीस तरुण आले आणि त्यातल्या चौघांनी फॉर्म भरले, की काम झालं. सहा-सात जणांनी भरले तर बाकीचे वेटिंग लिस्टवर ठेवू.

३० जानेवारी, शुक्रवार
मनस्विनीशी फोनवर बोललो. मुलगी नम्र आहे. मला काका म्हणाली. चाळीस मिनिटं भाषण आणि दहा मिनिटं प्रश्नोत्तरं, एवढा वेळ मिळेल ना, असं विचारलं. मी म्हणालो, वेळच वेळ. परिचयासाठी माहिती मागितली, तर तिने चार ओळी पाठवल्या आणि वर लिहिलं की दोन ओळी वाचल्या तरी चालेल.
चार ओळींत माणसाचा परिचय होतो का? या पिढीला स्वतःची किंमत नाही. ती मी करून देईन.

९ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३
वाचन सुरू आहे. किती प्रचंड विषय आहे. एकेक पातं शंभर मीटरचं. खारा वारा लोखंड खातो. वीज किनाऱ्यावर आणायची ती समुद्रतळावरच्या केबलमधून. पाहुणीचं काम काय आहे हे श्रोत्यांना कळायचं तर आधी एवढं कळायला हवंच. आणि हे कळायचं तर आधी वारा म्हणजे काय हे कळायला हवं. म्हणून वाऱ्यापासून सुरुवात केली आहे.
सहा पानं झाली. कब्बन पार्कच्या फेऱ्या तूर्त तहकूब.

१६ फेब्रुवारी, सोमवार
चौदा पानं. उल्कासमोर तालीम केली. ती सोप्पू निवडत ऐकत होती. मी संपवलं तेव्हा भाजी निवडून, चिरून, शिजून झाली होती. कसं वाटलं विचारलं, तर म्हणाली, छान. मग म्हणाली की यात त्या मुलीचं नाव कधी येतं. मी पान दाखवलं. पान अकरा.
पाठांतर चोख झालंय. घड्याळ लावलं नाही. घड्याळाकडे बघून बोलणारा माणूस सभेचा कब्जा घेऊ शकत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार
हर्षिताचा फोन. मनस्विनीने त्यांच्या ग्रुपवर टाकलं आणि तीस-पस्तीस जण येणार आहेत. ऑफिसातून लवकर निघून, इतक्या ट्रॅफिकमधून. मी चाळीस मेंबरशिप फॉर्म छापून आणले. हॉटेलच्या मॅनेजरने बजावलं आहे की साडेसातला हॉल रिकामा हवा, नंतर कोणाचं तरी बारसं आहे. सभा सहाला. दीड तास म्हणजे रग्गड.
अध्यक्षपद स्वीकारतानाचं भाषणही आजच लिहायला घेतलं. हात चालू आहे तोवर लिहिलेलं बरं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ९
ऐतिहासिक सभा. सविस्तर लिहितो.
सहा वाजता हॉल गच्च. खुर्च्या कमी पडल्या, पोरं भिंतीला टेकून उभी राहिली. आमचे अकराच्या अकरा हजर. मैसुरूला राहायला गेलेले प्रणीतरावसुद्धा आले. प्रत्येक खुर्चीवर एक फॉर्म ठेवला होता. घंटी, प्रार्थना, मागच्या सभेचा वृत्तांत. सहा वीसला मी परिचयाला उभा राहिलो.
काय लागला होता आवाज. वारा, मग इराणातल्या जुन्या पवनचक्क्या, मग लोखंडाचा गंज, मग केबल. कोणी हललं नाही. अधूनमधून मोबाईलचे उजेड दिसत होते, नोट्स घेत असावेत. सातच्या सुमाराला मनस्विनीने मनगटाकडे बघितलं. तिला म्हणालो की बेटा, आता तुझ्याकडेच येतोय. सगळे हसले. सभेचा कब्जा म्हणतात तो हा.
परिचय संपला तेव्हा सात अठरा झाले होते. बारशाची माणसं फुगे घेऊन दारात उभी होती. मनस्विनीने लॅपटॉप उघडला, प्रोजेक्टरला जोडला आणि तो सुरू होईपर्यंत मॅनेजर आला. मग तिने लॅपटॉप मिटला. म्हणाली की काकांनी बरंचसं सांगितलंच आहे, उरलेलं कोणाला ऐकायचं असेल तर खाली दर्शिनीत कॉफी घेत बोलू.
तर सगळेच खाली गेले. उल्कासुद्धा.
आभारप्रदर्शन राहिलं होतं. सभा त्याशिवाय संपत नाही, म्हणून मी ते केलं. समोर व्यंकोजीअण्णा आणि फुगे बांधणारे दोघे. नऊ मिनिटं संपूर्ण शांतता. एक खोकला नाही.
खाली गेलो तेव्हा कॉफीच्या उभ्या टेबलांभोवती दोन-तीन घोळके जमलेले होते, आणि मनस्विनी साखरेच्या भांड्यात चमचे उभे करून काहीतरी दाखवत होती. पोरं प्रश्नावर प्रश्न विचारत होती. रघुनंदनही. मी जवळ गेलो, तर सगळ्यांनी मला जागा करून दिली आणि गप्प झाले. आदर म्हणायचा.
उल्का घरी उशिरा आली. म्हणाली, छान झालं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
हॉलमधून फॉर्म गोळा करून आणले. भरलेला एकही नाही. एकाच्या मागे पेनाने आकृती काढलेली आहे: पाणी, तळ, मधे खांब. हा फॉर्म 'स्वारस्य आहे' या फाइलमध्ये लावला. लोकांना पचायला वेळ लागतो. एवढं खोल ऐकल्यावर कोणी लगेच सही करत नाही. एक आठवडा देऊ.

५ मार्च, गुरुवार
सभा. हजर तीन. अण्णा, उल्का, मी. वक्ता नव्हता. माझ्या त्या दिवशीच्या परिचयाची शेवटची पाच पानं पुन्हा वाचून दाखवली.

१२ मार्च, गुरुवार
हजर दोन. उल्काला बरं वाटत नव्हतं. संध्याकाळी साडेपाचपर्यंत बरी होती.
रघुनंदनला फोन केला. मागे मेट्रोचा आवाज येत होता. विचारलं, कुठे निघालास. म्हणाला की व्हाइटफील्डला. तिथे नवा क्लब निघतोय, सेवाज्योतचाच, गुरुवारीच सहाला. एकतीस सभासद झालेत. मनस्विनी पहिलं भाषण देणार आहे, आज तयारीची मीटिंग. मग म्हणाला की बिंदुअण्णा, रागावू नका. मी म्हणालो, राग कसला. माझ्या एका परिचयातून अख्खा क्लब जन्माला आला, असं किती सेक्रेटऱ्यांच्या बाबतीत घडतं?
फोन ठेवल्यावर प्रांत कार्यालयाचं पत्र पुन्हा काढून वाचलं. एकतिसातले चार.

१९ मार्च, गुरुवार. युगादी
हिने पुरणाचे ओबट्टू केले. चार खाल्ले. साखरेचं पुढच्या वर्षी बघू.
हर्षिता आली होती. नव्या क्लबच्या नियमांत पाहुण्यांच्या परिचयाविषयी वेगळं कलम आहे म्हणाली. ऐकून भरून आलं. विचारलं, काय कलम आहे. तिने आधी विषय बदलला, मग सांगितलं. परिचय एका वाक्याचा. मी म्हणालो की एक वाक्य नीट रचलं तर ते बरंच लांब नेता येतं. ती आईकडे बघू लागली.

२४ मार्च, मंगळवार
बदलीचे फॉर्म आले. एका क्लबातून दुसऱ्यात जायचं तर जुन्या सेक्रेटरीची सही लागते. एकूण आठ. रघुनंदन पहिला. कारणाच्या रकान्यात सगळ्यांनी 'मेट्रोची सोय' लिहिलंय. प्रणीतराव मैसुरूहून येतात, त्यांनीही.
आठही फॉर्मवर सह्या केल्या. राहिलो तिघे: व्यंकोजीअण्णा, उल्का, मी.
नियमावली पुन्हा वाचली. कलम ४१: किमान तीन सभासदांनी सह्या केल्यास सहा महिन्यांची मुदतवाढ मागता येते. तीन. आम्ही बरोबर तीन आहोत. सहा महिने म्हणजे सप्टेंबर. १ जुलै त्याच्या आत येतो. एकदा गळ्यात अध्यक्षपद पडलं की पुढचं पुढे.

३० मार्च, सोमवार
अण्णांच्या घरी जाऊन सही आणली. त्यांनी विचारलं की कशावर करतोय. सांगितलं. ते म्हणाले, सरी, ठीक आहे, तुला एवढं हवंच असेल तर. त्यांना आपल्या पश्चात क्लबची किती काळजी आहे बघा. माझी सही झाली आहे. उद्या सकाळी उल्काची, आणि दुपारी प्रांत कार्यालयात नेऊन देतो.

३१ मार्च, मंगळवार. सकाळी १०
कागद आणि पेन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. उल्काने हात पुसले, कागद वाचला. मग आत जाऊन तिने स्वतःचा एक कागद आणला. नववा बदलीचा फॉर्म. चार दिवस कपाटात ठेवला होता म्हणाली, द्यायचा धीर होत नव्हता.
तिने मेट्रो लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं: 'मनस्विनीचं भाषण पूर्ण ऐकायचं आहे.'
मी म्हणालो की त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं, काय हवं ते मला विचार, सगळा विषय मला पाठ आहे. ती म्हणाली, माहीत आहे. रागाने नाही म्हणाली. म्हणाली की एवढ्या खोल पाण्यात तो खांब उभा कसा राहतो, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं; पण मला विचारलं असतं तर मी वाऱ्यापासून सुरुवात केली असती.
मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि वाऱ्यापासूनच सुरुवात करणार होतो. मिटलं. खांब कसा उभा राहतो ते मला माहीत नाही. चौदा पानांत ते कुठेच नाही.
सदतीस वर्षांत हिने मला काही विचारल्याचं आठवून बघितलं. पुष्कळ वेळ आठवत बसलो.
मुदतवाढीच्या अर्जावर तिसरी सही करायला ती तयार होती. म्हणाली, तुम्हाला हवी असेल तर करते, व्हाइटफील्ड राहू दे. पेन हातात घेऊन उभी राहिली.
मी तिच्या फॉर्मवर सही केली. सभासद दोन. अर्ज फाडला नाही, नुसता घडी करून ठेवला.
तिला विचारलं, भाषण कधी आहे. म्हणाली, परवा सहाला. विचारलं, मी बरोबर येऊ का. तिने थोडा विचार केला.
म्हणाली, या. मेट्रो स्टेशनपर्यंत.