गुहेत उतरवलेला बैल

१ ऑगस्ट १९८४, बुधवार
पुष्कळ फिरून झालं. इटारसी पाहिली, अमरावती पाहिली, कारंज्याच्या ढाब्यावर कपबशा धुतल्या. आता थकलो. यापुढे सेलूतच राहायचं, घरची शेती पाहायची. निर्णय फायनल.
बापूरावदादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ठीक आहे, पोळ्यापर्यंत मोत्या तुह्या. चारापाणी, धुणं, वावरातली डवरणी करून आला की खांद्याले तेल, सारं तूच पाह्य. पोळ्याले तुह्या हातानं चालला त तोरणाखाली तूच नेजो अन् घरीच राहजो. नाई त दुसऱ्या दिवशी नत्थूजीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून जाजो.
नत्थूजी म्हणजे वयनीचे मामा.
काम सोपं आहे. मोत्या पोक्त बैल. शिवाय जनावरांना मी मुळातच आवडतो.

३ ऑगस्ट
पहाटे उठणार होतो. उन्हं आल्यावर उठलो. मोत्याची सरकीची ढेप संपली म्हणून बाजारात गेलो, तर कापडदुकानाच्या माडीवरून हाक. ओमप्रकाश. मुंबईला इंजिनियरिंगला असतो, पण स्कूटरवरून पडून पाय प्लॅस्टरमध्ये, म्हणून घरी. आव बे रूप्या, म्हणाला, बसून बसून पागल होऊन राह्यलो.
वर एक खेळ चालू होता. अमेरिकेतल्या मावसभावाने पाठवलेला. पट नाही, पत्ते नाहीत. एक इंग्रजी पुस्तक आणि चमत्कारिक फासे, त्यातला एक वीस बाजूंचा. ओमप्रकाश एका खोल गुहेतली गोष्ट सांगतो, आपण त्यातलं एक पात्र व्हायचं. समोर राक्षस आला, काय करतो? बोलायचं. जमलं की नाही ते फासा ठरवतो.
त्याची बहीण कोकिळा मांत्रिक आहे. तिच्याकडे मंत्राने बांधलेला वाघ. ताराचंद टेलरही मांत्रिक. त्याला पुस्तकाप्रमाणे घुबड मिळालं. तो म्हणाला, घुबड नको गा, घरी माय बोंबलन. मग पोपट करून दिला.
मी लढवय्या झालो. मंत्रांची पानं बारीक टायपात आहेत. लढवय्याला वाचावं लागत नाही.
ढेप राहिली. मोत्याने कडबा खाल्ला. त्याला चालतं.

७ ऑगस्ट
अन्याय आहे. सगळ्यांजवळ जनावर, मीच एकटा. भांडलो. ओमप्रकाशने पुस्तक चाळून सांगितलं, मंत्रवाल्याचं जनावर मंत्रानं राहते. तुह्याजवळ मंत्र नाई. तू पकडजो, चारजो, शिकवजो. रोजच्या रोज. अन् काय काय केलं ते दरवेळी तोंडानं सांगजो. सांगितलं नाई त केलं नाई. लळा लागला त लागला.
मंजूर. लांडगा घेतला.

९ ऑगस्ट
लांडगा पळाला. खाऊ घालतो हे सांगायचं राहून गेलं, कारण खालून सर्कशीच्या जाहिरातीचा रिक्षा चालला होता आणि मी त्याच्यामागे चौकापर्यंत गेलो. नंतर अस्वल घेतलं. तेही गेलं. मग ससाणा. तो उडाला तो उडालाच. कोकिळा म्हणाली, याच्यापाशी दगडबी नाई टिकन.
घरी वयनी म्हणाल्या, भाऊजी, मोत्या तुमची वाट पाहून आता मलेच हंबरून राह्यला. पाणी त्यांनीच दाखवलं होतं. उद्यापासून मी. नक्की.

१२ ऑगस्ट
डोकं चाललं. बैल मागितला.
हसले सगळे. ओमप्रकाश म्हणाला, अबे, गुहेत बैल? शिडी कसा उतरन? मी म्हणालो, पोटाखालून दोर बांधून. विहिरीत पडलेला बैल वर काढतात, तर खाली सोडायला काय झालं? त्याने पुस्तकात शोधलं. अमेरिकेतल्या पुस्तकात बैल नाही. फासा टाकला. बैल उतरला.
नाव मोत्याच ठेवलं. इथला सराव तिथे कामी येईल.

१८ ऑगस्ट
खेळातला मोत्या फर्स्ट क्लास. मी एक गोष्ट चुकत नाही. पहाटे उठतो, म्हणतो. ढेप भिजवतो. कोमट पाण्याने धुतो. खांद्याला तेल चोळतो. कानामागे खाजवतो. ओमप्रकाश म्हणाला, लेका, एवढं त पुस्तकातबी नाई लिहिलं. आज अंधारात मोत्याने आपणहून राक्षसाला शिंगावर घेतलं. फासा टाकावाच लागला नाही. कोकिळेचा वाघ मागे उभा राहून पाहत होता. माझे डोळे भरून आले.
घरी आलो तर दादाने विचारलं, मोत्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी काऊन गळून राह्यलं? मला माहीत नव्हतं. हवामान असेल, म्हणालो. दादाने फडकं भिजवून त्याचा डोळा पुसला. दुसऱ्याला काम करताना पाहून फार थकवा येतो.

२२ ऑगस्ट
आज वेळ काढून मोत्याच्या कोठ्यात गेलो. तेल लावायला हात पुढे केला तर मान झटकली. तेल माझ्या पँटवर. स्वभावच तुसडा आहे. दादाने लाडावून ठेवलाय. एका दिवसात सुधारणार नाही, म्हणून परत आलो.

२५ ऑगस्ट, शनिवार
आज खांदशेकणी. उद्याच्या मानासाठी बैलाचे खांदे शेकायचे, तूप-हळद लावायची आणि त्याला जेवणाचं आवतन द्यायचं. वयनीने वाटी आणि पळसाची पानं हातात दिली. म्हणाल्या, उद्या जो नेणार त्यानंच द्याचं असते भाऊजी, विसरू नोका.
विसरण्याचा प्रश्नच नव्हता. पण मोत्या अजून नदीवरून यायचा होता. आणि ओमप्रकाशचं प्लॅस्टर निघालं, उद्या तो जाणार, म्हणजे आज शेवटचा डाव. वाटी घेऊनच पाच मिनिटं डोकावलो.
गुहेच्या तळाशी अजगर होता. सगळे तलवार काढ म्हणत होते. मी म्हणालो, थांबा. उद्या पोळा. याला आवतन नको? ताराचंदच्या दुकानातलं दोऱ्याचं रिकामं रीळ म्हणजे आमचा बैल. पळसाच्या पानाने त्याला तूप-हळद लावली. म्हणालो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. ताराचंदने हात जोडले. कोकिळासुद्धा हसली नाही. मग अजगर मेला. त्याला बराच वेळ लागला.
घरी दिवे लागले होते. दादाने स्वतः खांदे शेकले होते. त्याने रिकाम्या वाटीकडे पाहिलं. मी सांगितलं, आवतन दिलं. म्हणाला, कोनाले? मी म्हणालो, मोत्याले.
हे खोटं नाही.

२६ ऑगस्ट, रविवार. पोळा
सकाळी मन शांत होतं. जनावराला माणसाच्या मनातलं कळतं. काल दिलेलं आवतन कुठेतरी पोचलंच असेल.
झूल घातली, शिंगांना बेगड लावली. कासरा दादाने माझ्या हातात दिला. दुसरा बैल घेऊन तो पुढे गेला. गुरं जमतात त्या आखरावर तोरण बांधलेलं, सगळी सेलू जमलेली, डफडं वाजत होतं. मोत्या गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि थांबला. ओढलं. चुचकारलं. तो झुलीसकट खाली बसला.
मला काही सुचेना. तोंडातून मोठ्याने निघून गेलं, कानामागे खाजवतो!
नुसता उभा होतो मी. फाशाची वाट पाहत.
मागून कोणीतरी ओरडलं, अबे खाजव ना मंग! आमाले सांगून काय राह्यला? सगळी गल्ली हसली. खाजवायला गेलो तर त्याने शिंग फिरवलं. बाहीला बेगड चिकटली.
दादा परत आला. कासरा घेतला. नुसतं हं मोत्या म्हणाला. मोत्या उठला. दोघं तोरणाखाली गेले. मागे वळून पाहिलं नाही, दोघांपैकी कोणीच.
संध्याकाळी वयनीने मोत्याला पुरणपोळी भरवली. मलाही वाढली. सकाळी मामाजी येतील, म्हणाल्या, जागे राहजा.

२७ ऑगस्ट, दुपार
नत्थूजीचा ट्रक. पंक्चर काढणं चालू आहे, तळेगावच्या अलीकडे. दादा फाट्यापर्यंत सोडायला आला होता. तब्येत सांभाळजो, म्हणाला. मी म्हणालो, पुढच्या पोळ्याले येतो. तो म्हणाला, जेवाले येजो.
ट्रकमध्ये म्हशी आहेत. नत्थूजीने विचारलं, जनावराची सवय आहे काय बे? मी सांगितलं, भरपूर. त्यांनी बादली दिली, हापसा दाखवला. म्हणाले, उन्हात हायेत बिचाऱ्या, आधी पाणी पाज.
नवी सुरुवात आहे. आता रोजच्या रोज, एकही दिवस न चुकता. हे पान पुरं करतो आणि उठतोच.

संध्याकाळ
नत्थूजीनेच पाजलं.