मांजर फक्त रविवारपर्यंत

६ फेब्रुवारी, गुरुवार
मांजरीने पुन्हा माझ्या पलंगापाशी मेलेली पाल आणून ठेवली. नेमकी उपासाच्या दिवशी. मागच्या गुरुवारीही हेच. माझा उपास मोडायला टपलीय मेली. विद्याधरला सांगितलं, आता ती तरी राहील, नाहीतर तुझी आई. विचार करतो म्हणाला. लेकाने विचार करण्यासारखं यात काय आहे?

७ फेब्रुवारी
पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या कल्लाप्पाला फोन केला. त्याच्या वर्कशॉपात उंदीर फार. सोळाच्या रविवारी मांजर न्यायला पेटी घेऊन येतो म्हणाला. बेत पक्का. माझा शब्द बदलत नाही.

९ फेब्रुवारी
नात सुप्रीता रुसलीय. कॉलेजसाठी कॉमिक काढतेय, मांजरीवर. म्हटलं, घराची मालकीण मी, मला काढ. तू आहेसच की अज्जी, म्हणाली. मग इरकल नेसून बसले. पोरगी माझ्याकडे न बघता फरशीवर पालथी पडून काढत होती. हल्लीचं शिक्षण!

११ फेब्रुवारी, दुपारी
हळूच बघितलं. पानभर नुसते पाय. मांजरीला तेवढंच दिसतं म्हणे. टाचांच्या भेगा मात्र एकूण एक काढल्यात. माझं तोंड कुठंय? म्हणे, येईल.
मांजरीला मी दूध घालत नाही. सांडतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
उपास. पाल आलीच. या खेपेला मोठी. केरसुणीने उडवली. रविवार आलाच, भवानी.

१५ फेब्रुवारी
कॉमिक झालं. सगळ्यांसमोर उघडलं. चित्रात सगळे जेवतायत, म्हातारी एकटी कोपऱ्यात, ताटाशिवाय. मांजर बघते. ट्यूबलाइटमागची पाल धरते, म्हातारीपुढे ठेवते. वर फुग्यात तिचं बोलणं: 'हिला शिकार जमत नाही. घरच्यांनी टाकलीय. मीच पोसते.' म्हातारी पाल उडवते, तर मांजर म्हणते, 'लहान होती. मोठी आणू.'
विद्याधर डोळे पुसेपर्यंत हसला. सूनबाई तोंड फिरवून. मी हसले नाही. साफ खोटं आहे. मांजरीला माझा उपास काय कळतो?

संध्याकाळी
पण मग गुरुवारीच कशी?

१६ फेब्रुवारी, रविवार
कल्लाप्पा आला. मांजर माझ्या पलंगावर ताणून पडलेली. मी उचलून देणारच होते, पण पेटी स्वल्प लहान वाटली. म्हटलं, चिकपेटेच्या बाजारातून मोठी आण. तो म्हणाला, बसते की अज्जी यात. म्हटलं, आज अमावस्या असेल. तो म्हणाला, नाही. फार चौकस माणूस. शेवटी विचारलंच त्याने, द्यायची आहे का नाही?
मी म्हटलं, "ती कशी येईल रे? तिच्या पदरी म्हातारी आहे."