सांगली की म्हैसूर

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. २ जून १९३४

ती. शिवयोगी अण्णास, धाकट्या ईरम्माचा शि. सा. नमस्कार.

मॅट्रिक पास झाले. पण पेढे वाटायलाही अंगात बळ नाही. हे वारल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दिवसभर घर आणि सूत रंगवायची भट्टी, त्यातून उरेल ते पुस्तक. आता कुणी नुसती उशी दिली तरी आठवडाभर झोपेन.

पुढं कुठं शिकायचं ते ठरत नाही. सांगलीचं कॉलेज लहान. मोजकी मुलं, मास्तर नावानं ओळखतात, सणासुदीला घरी येता येतं. तुमच्या म्हैसूरचं विद्यापीठ मोठं. तिथं रसायनशास्त्र शेवटपर्यंत शिकता येईल. सूत रंग का धरतं आणि का सोडतं, हे मला समजून घ्यायचंय. पण म्हैसूर फार लांब, आणि मुक्ता अवघी सात वर्षांची. सासूबाई म्हणतात, तू कुटंबी जा, पोर हितंच राहील.

वहिनींना नमस्कार. बहिणीला विसरू नये.

आपली,
ईरम्मा

म्हैसूर, ता. ७ जून १९३४

चि. गं. भा. ईरम्मास शिवयोगीचे अ. आ.

तू पास झालीस म्हणून तुझ्या वहिनीने होळिगे, म्हणजे पुरणपोळी, केली आणि तुझ्या वाटणीचीही मीच खाल्ली. आता ऐक. म्हैसूरलाच ये. मोठ्या ठिकाणी एक सुख असते, कुणी कुणाला विचारत नाही. सांगलीत मोजक्यांत तू एकटी विधवा. रोज किती जणांना उत्तरे देशील? मुक्तालाही आण, वहिनी सांभाळेल. तुझ्या सासूबाईंना, बसव्वाबाईंना, माझ्या वतीने विचार. उशीर करू नकोस.

तुझा,
अण्णा

सोलापूर, ता. १२ जून १९३४

ती. अण्णास शि. सा. न.

सासूबाईंना विचारलं. मुक्ताला नेणार म्हटल्यावर त्यांनी पुढ्यातलं ताट सारलं आणि दिवसभर दोरीवरचं वाळलेलं सूत उलटंपालटं करत राहिल्या. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या की, ल्योक गेला, आता नातबी नेतीस व्हय?

मी सांगलीला जाते, मुक्ता इथंच राहील. रसायन मिळेल तेवढं शिकेन. याला त्याग म्हणू नका, मला राग येईल. भांडायचं त्राण नाही, एवढंच खरं. रागावलात तरी पत्र पाठवत जा.

ईरम्मा

सोलापूर, ता. १५ जून १९३४

चि. शिवयोगीस बसव्वाचा आशीर्वाद. शेजारच्या मथुराबाई मास्तरणीकडून लिहून घेतलंय.

ईरम्मानं सांगली धरली ती माज्या पायी. मी जेवले न्हाय, म्हणून. सांगलीत आमचे सोयरे लई. नवरा कशानं गेला, पोर टाकून कशाला आलीस, दारात येऊन इचारतील. तसल्या बायांत मीबी बसलीया, मला ठावं हाय की.

तवा आमी तिघीबी म्हैसूरला येतो. पोर माज्याबिगर झोपत न्हाय. भट्टी माजा धाकटा दीर बगंल. तितं समदी कानडी बोलत्यात म्हणं, ती मलाबी येती, मग माजं काय अडतंय? तुमच्या घरात ऱ्हाणार न्हाय, सोयऱ्याच्या घरी म्हातारी जड होती. येगळी खोली बगा, चूल मी मांडीन.

आज ईरम्माला हे सांगितलं. वाटलं, रडंल. पन ती भिंतीला टेकली आन बसल्या जागी झोपली. अजून उठली न्हाय. तितं आल्यावर दोन दिस तिला कुनी पुस्तक दावू नका.

माया पातळ होऊ देऊ नका.

बसव्वा