जर्मनचं पिस्तूल

आबा, तुमची पणती पिस्तूल घेतेय. हे वाक्य मी तीनदा लिहून बघितलं, तीनदाही तसंच दिसलं, म्हणून आता राहू देते. पणती म्हणजे माझ्या धाकट्याची मुलगी. तुम्ही गेलात तेव्हा तिचा बापच अजून शाळेत होता, त्यामुळे ती तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. सव्वीस वर्षांची आहे, इथे अबुधाबीत एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करून देते. त्याला फिजिओथेरपी म्हणतात. मला तुम्ही चौथीतून काढून दुकानात बसवलंत, तेव्हा हा शब्द बरोबर लिहिला की नाही कोण जाणे, पण तुमचीही तिसरीच झालेली, तुम्हाला चूक सापडायची नाही.

झालं असं, की गेल्या शनिवारी सकाळी मी खलिफा सिटीतल्या आमच्या स्वयंपाकघरात थालीपीठ थापत होते. इथे शनिवार-रविवार सुट्टी. ही आली फोनमध्ये मान घालून आणि म्हणाली, "आजी, तुला काय वाटतं, स्टील फ्रेम घेऊ की अलॉय?" मला वाटलं चष्मा. म्हटलं, "हलकी घे बाई, जड फ्रेमनं नाकावर वळ उठतात. तुझ्या आजोबांच्या नाकाला कायमची खाच पडली होती." ती हसायला लागली ती थांबेचना. म्हणाली, "नाकावर नाही आजी, हातात. पिस्तूलची फ्रेम." थालीपीठ तव्यावर पडायचं ते शेगडीवर पडलं. आणि हे ऐका, दोन वर्षं झाली म्हणे. दोन वर्षं ही दर शनिवारी 'क्लबला जाते' म्हणून निघायची, मी समजत होते पोहायला, आणि दर वेळी दारातून ओरडायचे, टॉवेल घेतलास का. ती 'हो' म्हणायची.

"तुझ्या बापाला माहीत आहे?"

"फॉर्म बाबानंच भरला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू घाबरली असतीस."

"मी आताही घाबरलेच आहे."

"सी? म्हणूनच."

तुम्हाला नीट सांगते, नाहीतर तुम्ही वर बसून भलतंच समजाल. कोणाला मारायचं नाही, कागदावरच्या गोल ठिपक्यावर नेम धरायचा, खेळ आहे. पिस्तूल घरी आणायचं नाही. क्लबच मागवणार, परवाना क्लबाचा, राहणार क्लबाच्या लोखंडी कपाटात, पण ते खास हिच्या हातासाठी. बायकांच्या टीमची निवड दोन महिन्यांवर आलीय, आणि क्लब एका खेळाडूला असं एकदाच घेऊन देतो, मग पुढची पाच-सहा वर्षं तेच चालवायचं. कोचनं तिला दोन निवडून दिली होती आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत एकावर सही करायची होती. फ्रेम म्हणजे पिस्तुलाचा सांगाडा, मूठ त्यालाच असते आणि बाकीचं सगळं त्यावर बसतं. एकाचा सांगाडा स्टीलचा, एकाचा अलॉयचा.

"अलॉय म्हणजे काय गं?"

"अ‍ॅल्युमिनियम, बेसिकली."

"म्हणजे जर्मन. जर्मन मुळीच नको." मला आठवलं आपलं भांड्यांचं दुकान, डावीकडे तांबं-पितळ, उजवीकडे जर्मनचे टोप, आणि तुमचा तो चेहरा, कोणी उजवीकडे हात केला की पडायचा तो. गावात अ‍ॅल्युमिनियमला कोणी अ‍ॅल्युमिनियम म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ही मुलगी इथेच जन्मली, तिला काय माहीत. तिनं माझ्याकडे जरा नवलानं बघितलं, आजीला एवढं कळतं म्हणून, आणि फोनवर टकटक करून कोचला 'जर्मन नको' असं कळवून टाकलं. मग म्हणाली, "यल्ला आजी, तूच चल माझ्याबरोबर." मी पदराला हात पुसले, झालेली थालीपीठं डब्यात भरली आणि गेले. आबा, मी गेले. सत्तरी ओलांडलेली बाई, चपला घालून, बंदुका बघायला.

तिथे दारातच माझं ओळखपत्र ठेवून घेतलं, कानांवर लाल डबे बसवले, आणि तरीही पहिला आवाज झाला तेव्हा मी भिंत धरली. कोच पेशावरकडचा, पांढऱ्या दाढीचा, इथे सगळ्यांची चालते ती हिंदी बोलणारा. टेबलावर एकच पिस्तूल. त्यानं ते उघडून, रिकामं आहे असं दाखवून माझ्या हातात दिलं. हलकं. मी नखानं टिचकी मारली, तुम्ही मारायचात तशी, आणि म्हटलं, "ये तो जर्मन है."

"नहीं माजी, ये इटली का है. जर्मन को तो आपने मना किया, वो मैंने अंदर रख दिया."

"मैंने इसको मना किया."

"ये जर्मन नहीं है."

"ये ही जर्मन है, भैया. मेरे बाप की दुकान थी."

पणती मध्ये उभी, एकदा त्याच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. शेवटी उलगडलं की स्टीलचं पिस्तूल जर्मनी देशातून येतं, आणि मी ज्याला जर्मन म्हणते ते इटलीहून आलंय. कोच इतका हसला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं. मग त्यानं आतून स्टीलचं आणलं. तेही मी धरलं. जड, गार, पितळी तांब्यासारखं हातात उतरलं. आबा, मला सगळ्यात मोठा धक्का कशाचा बसला सांगू? पिस्तुलाचा नाही. माझ्या हाताला ते आवडलं, याचा.

कोच म्हणाला, भारीवाला झटका स्वतः पिऊन टाकतो, नेम हलत नाही, पण हात दमवतो. हलकावाला दमवत नाही, पण प्रत्येक गोळीला मनगटाला उसळी देतो. दोन्ही चांगली. हिनं दोन्हींनी पाच-पाच गोळ्या मारल्या. स्टीलच्या पाचही मधोमध, जुन्या चवलीच्या नाण्याखाली झाकतील अशा, आणि अलॉयच्या पांगलेल्या. तिनं पेन उचललं आणि मला विचारलं, "स्टील ना, आजी?"

आणि मी 'हो' म्हणायचं सोडून कानांवरचे लाल डबे सारखे करत राहिले. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. पण त्या कळशीनंतर मी आयुष्यात कोणाला 'हे घे' असं सांगितलेलं नाही. सुनांना साडीसुद्धा नाही. विचारलं की म्हणते, तुमची आवड.

तुम्हाला ती कळशी आठवत असेलच. मी दहा वर्षांची आहे, तुम्ही जेवायला गेलाय, दुकानात मी एकटी. तुमचा नियम पक्का. कळशी कोणालाही रिकामी विकायची नाही. दारातल्या पिंपातून भरायची, बाईच्या कमरेवर द्यायची आणि शाळेच्या फाटकापर्यंत चालवून परत आणायची. "रिकामं भांडं सगळ्यांनाच हलकं," तुम्ही म्हणायचात. "जाताना डोळा बोलतो, हात बोलतो तो येताना." बायका हसायच्या, पण दोन गावं ओलांडून तुमच्याकडेच यायच्या. त्या दुपारी एक नवी सून आली, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल, हिरवा चुडा अजून कोरा. तिनं पितळेची उचलली. मी म्हटलं, ही जर्मनची घ्या, हलकी आहे, चमकते बघा कशी. तिनं घेतली. आठव्या दिवशी तिची सासू तीच कळशी घेऊन दुकानासमोर उभी राहिली. पोटाला पोचा, कान निखळलेला, विहिरीच्या दगडावर आपटलेली. सून मागे मान खाली घालून. तुम्ही मला विचारलंत, "भरून दिली होतीस का?" मी 'हो' म्हटलं. मग तुम्ही सासूला सांगितलंत, आमच्या पोरीनं भरून दिली होती, तुमच्या सुनेनं चालून बघून घेतली, भांड्याचा दोष नाही, हाताचा आहे. सासूनं तिला तिथेच, सगळ्या बाजारासमोर, नको ते बोलून घेतलं.

असो. तर पणतीनं पेन उचललेलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "भरून धर."

"भरलेलंच होतं, आजी. फाइव्ह राउंड्स."

"एका स्पर्धेत किती मारायच्या असतात?"

"साठ."

"मग साठ मार. दोन्हींनी. पाच गोळ्या म्हणजे रिकामी कळशी. दिवसभर लोकांचे खांदे चोळतेस आणि स्वतःच्या हाताला विचारायचं कळत नाही होय?"

कोच म्हणाला, माजी, बहुत टाइम लगेगा. मी म्हटलं, मेरे पास बहुत है. काचेमागे खुर्ची टाकून बसले. आधी स्टील. पहिल्या वीस गोळ्या बघाव्यात तर काय, कोचनं माझ्याकडे बघून मान हलवली. तिशीनंतर तिचा खांदा कानाकडे चढायला लागला. शेवटच्या दहांत कागदावरची भोकं खाली खाली घसरत गेली, दमलेल्या बाईच्या कमरेवरून कळशी घसरते तशी. मग तिला चहा पाजला, मनगट चोळलं, थालीपीठाचा तुकडा भरवला. कोचही एक घेऊन गेला. मग अलॉय, तेही दमल्या हातानं. सुरुवातीच्या इकडेतिकडे. दहानंतर तिनं त्या उसळीला ओळखलं, आणि मग जी भोकं जवळ यायला लागली ती शेवटपर्यंत आली. साठावी मधोमध. तिनं नुसती मान वळवली तेव्हा हात तसाच कागदाकडे, सरळ, न दमलेला, आणि तोंड एवढं उघडं. माझंही. मी मनातून स्टीलच्या बाजूची होते, आबा. तुमची मुलगी ना.

"जर्मन जिंकलं," मी म्हटलं.

"इटालियन, आजी," म्हणत तिनं सही केली.

तुमच्या पितळेला मी त्या क्षणी सोडलं, तेवढं माफ करा. कोचनं विचारलं, माजी, हे कुठे शिकलात. मी छाती पुढे काढून सांगितलं, वडिलांकडे. आता तो प्रत्येक पोराला सही करायच्या आधी साठ मारायला लावतो आणि त्याला 'माजी टेस्ट' म्हणतो, असं पणती, निवडीसाठी आता रोज संध्याकाळी सरावाला जाते ती, घरी येऊन सांगते. शेजारच्या केरळच्या बाईलाही सांगून झालंय. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. कालपासून मात्र ते 'माजी टेस्ट' ऐकलं की मी ताटावरून उठून जाते.

सासू-सून गेल्यावर तुम्ही मला जवळ बोलावलंत. दुकानात तेव्हा स्टीलचा नवा माल पहिल्यांदाच आला होता, त्यातलं एक फुलपात्र पुसून माझ्या हातात दिलंत. म्हणालात, नियमानं विकलंस, आणि विचारल्यावर न घाबरता उत्तर दिलंस, म्हणून हे. ते फुलपात्र माझ्याबरोबर सासरी आलं, मग विमानात बसून इथे आलं. पणती लहानपणी त्यातूनच दूध प्यायली. आताही ते या कागदाशेजारी आहे.

पिंपापर्यंत जायचा मला कंटाळा आला होता, आबा. ऊन होतं. त्या कळशीत मी पाण्याचा थेंबही घातला नव्हता. सासू बोलत होती तेव्हा त्या मुलीनं एकदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग पदर पुढे ओढला आणि सासूच्या मागे चालू लागली.