आपोआप साफ होणाऱ्या नळ्या

२ ऑक्टोबर, दसरा.
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून हवी.
बुटीबोरीच्या आमच्या प्लांटमध्ये गरम तेल थंड करणारा कूलर आहे. त्याच्या नळ्यांतून पाणी वर चढतं आणि आत क्षार धरतो. दर आठवड्याला कंत्राटी कामगार रामाजी गज घालून नळ्या खरवडतो. आता ते बंद. पाण्याबरोबर काचेचे बारीक मणी नळ्यांतून वर जातील, जाताजाता क्षार घासतील, परतीच्या पाइपातून खाली येतील आणि पुन्हा वर. आयडिया माझी. म्हणजे वाचलेली, पण बुटीबोरीत आणली मी.
खालचा वॉल्व बंद ठेवून परतीच्या पाइपात मणी भरले. मग पूजा. वॉल्वच्या चाकाला लाल नाडा मीच बांधला, पाच गाठी मारून. पंप सुरू झाल्यावर ऑपरेटर साहिलने विचारलं, नाडा सोडून वॉल्व उघडू का. दसऱ्याला पूजेचा नाडा सोडतात का, म्हणून त्याला चांगलं सुनावलं.

३ ऑक्टोबर.
तेल ६१ अंशांवर बाहेर. झकास. पाइपाच्या काचेतून मणी पाहिले. अगदी स्थिर दिसतात. प्रवाह किती एकसारखा असेल.
प्लांट हेड देवकी मॅडमना लिहून दिलं, रामाजीच्या कंत्राटाची गरज उरली नाही. सही केली. दुपारी रामाजी टेबलाशी येऊन उभा राहिला. दिवाळीपर्यंत तरी ठेवा म्हणाला. त्याला टेक्नॉलॉजी समजावली. ऐकून घेतलं आणि गेला.

६ ऑक्टोबर.
६६. ऑक्टोबर हीट.

८ ऑक्टोबर, सकाळ.
७०. पंच्याहत्तरला प्लांट ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. मणी नवे आहेत, रुळायला वेळ लागणारच. संकल्प : सारखा मीटर बघायचा नाही.
दुपार. ७१. सतरा वेळा बघितला.

९ ऑक्टोबर.
७३. डबा उघडलाच नाही.
साहिल हळूच म्हणाला, वॉल्व अजून बंदच आहे. मी रागावलो म्हणून तिन्ही शिफ्टमध्ये कोणी नाड्याला हात लावला नाही. सात दिवस मणी एका जागी बसून होते.
म्हणजे माझी पद्धत चुकलेली नाही. तिची परीक्षाच झालेली नाही. साहिलचं म्हणणं, थोडा थोडा उघडू. ७३ वर थोडं थोडं कोण करतं? ब्लेडने नाडा कापला आणि चाक पूर्ण फिरवलं.
दुपारी ३.१०. आत खडखडाट. छान आवाज.
३.१४. आवाज बंद.
३.२०. ७५. प्लांट ट्रिप.

१० ऑक्टोबर.
कूलर उघडला. मणी एकदम आल्याने नळ्यांत ठासून बसलेत, क्षार तसाच. देवकी मॅडम ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. हे काढणार कोण, एवढंच त्यांनी विचारलं.
रामाजीला फोन केला. चूक झाली म्हणालो, ताबडतोब ये म्हणालो.
"सर, तुमीच तं सही केली," तो म्हणाला. "मले कोराडीले काम भेटलं. आता त्यायले सोडून कसा येऊ?"
आवाजात राग नव्हता. राम राम म्हणून त्याने फोन ठेवला.
साहिलने गज आणून माझ्या हातात दिला. तो किती दाबायचा, कुठे फिरवायचा, हे इथे कोणालाच माहीत नाही. रामाजीला माहीत होतं आणि मी त्याला टेक्नॉलॉजी समजावत होतो. लाज वाटली.
संध्याकाळपर्यंत माझी एक नळी मोकळी झाली. एकूण दोनशे चाळीस आहेत.