दोन रेघांच्या मधला पारा

४ सप्टेंबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

संपला गं एकदाचा माझा प्रकल्प! फोनवर ओरडून सांगितलं असतं, पण तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू आपल्या मनाने भरतेस, म्हणून पत्र. सोबत अहवालाची एक प्रत जोडली आहे.

इथे चौथ्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचा एक शोधप्रकल्प करावाच लागतो, त्याशिवाय शेवटच्या वर्षात पाऊल ठेवू देत नाहीत, हे तुला सांगून सांगून माझं तोंड दुखलं आहे. विषय तुला ठाऊक आहेच. रुग्णालयाच्या तळघरात धुलाई विभाग आहे. तिथल्या वाफेत आणि उकाड्यात आठ तास काम करून माणसांचं बीपी बदलतं का, ते बघायचं. साठ माणसं. कामावर येताना एकदा मोजायचं आणि सुटताना एकदा. दर वेळी आधी पाच मिनिटं खुर्चीत गप्प बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मग दंडाला पट्टा बांधायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? आठ तास उभ्या असलेल्या माणसाला घरी जायच्या वेळी पाच मिनिटं बसवून दाखव तू.

त्यात आमच्या कडक मावशी. इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर चादरी काढतात. चादरी कडक आणि बोलणं त्याहून कडक. मला कागदवाली पोरगी म्हणतात. गप्प बसणं त्यांच्या स्वभावातच नाही आणि मध्ये बोललं की माझं घड्याळ पुन्हा शून्यावर. सकाळी चार वेळा आणलं त्यांनी शून्यावर. सुनेपासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांचा समाचार घेऊन झाला, तेव्हा कुठे पट्टा बांधून घेतला.

माझ्या मार्गदर्शक म्हणजे खोडरबर मॅडम. मी लिहिलेलं सगळं खोडतात म्हणून हे नाव, त्यांना कळलं तर मीच खोडली जाईन. या वेळी मात्र त्या चक्क खूश आहेत. वार्षिक सभेत मांडायला वर्गातून तीनच प्रकल्प निवडले, त्यात माझा आहे.

आभाराचं पान नक्की वाच. आत्याने स्वतः दुरुस्त करून, पारखून दिलेल्या पाऱ्याच्या यंत्रावर हा सगळा अभ्यास उभा आहे, असं स्वच्छ लिहिलंय. बाकीची पानं कंटाळवाणी आहेत, तक्ते वगैरे. ती नाही वाचलीस तरी चालेल.

दुकानात फार वाकून काम करू नकोस. लोभ आहेच, तो असाच चढता ठेव.

तुझी,
भिंगरी

१२ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

अहवाल मिळाला. आभाराचं पान वाचून मी दुकानात काय केलं ते सांगत नाही, तू हसशील. बरं, सांगते. समोरच्या औषधवाल्याला बोलावून दाखवलं. मग एक भाजीवाला दुरुस्तीला दिलेला काटा न्यायला आला होता, त्यालाही वाचून दाखवलं. तो बिचारा काटा मागत होता आणि मी त्याला आभार ऐकवत होते. तुझ्या आजोबांनी हे दुकान माझ्या हाती दिलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, बाईच्या हातात पक्कड म्हणून. त्यांतले जे उरलेत त्यांना एकेक प्रत धाडायचा विचार होता.

मग निवांत बसून पुढचं वाचलं. यंत्र माझं, ते काय बोललं ते मला बघायचं होतं. कान गेले असले तरी माझे डोळे शाबूत आहेत.

भिंगरे, त्या यंत्राच्या काचनळीशेजारच्या रेघा गेल्या वर्षी मीच पुन्हा रंगवल्या. दोन-दोनच्या अंतराने आहेत. शंभर, एकशे दोन, एकशे चार. एकशे तीनला रेघच नाही. पाऱ्याला जी रेघ सगळ्यात जवळ असेल तोच आकडा घ्यायचा, हे मी तुला शिकवलं आणि तूही अहवालात तसंच लिहिलं आहेस. पहिल्या अडतीस माणसांचे सगळे आकडे सम आहेत, येतानाचे आणि सुटतानाचेही. एकोणचाळिसाव्यापासून येतानाचे सम आहेत, पण सुटतानाच्या रकान्यात १२७, १३३, १२१, ११९ असे यायला लागतात. ते थेट साठाव्यापर्यंत. एकूण बावीस माणसं.

मी तुझ्याएवढी शिकलेली नाही. तुमच्या शास्त्रात याला काही कारण असेल तर सांग, मी माझे शब्द मागे घेईन. नसेल तर आभाराच्या पानावरून मला काढून टाक. मी रागाने लिहीत नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटते आहे, आणि ती नक्की कुणाची वाटते आहे ते अजून कळलेलं नाही.

वेळेवर जेवत जा. लोभ होता तेवढाच आहे, त्यात खाडाखोड नाही.

तुझी,
आत्या

१६ सप्टेंबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. एवढं काही नाही गं त्यात. शेवटी शेवटी मी प्रत्येकाला दोनदा मोजून सरासरी घेतली. १२६ आणि १२८ ची सरासरी १२७ येते. ते अहवालात लिहायचं राहून गेलं, बाकी काही नाही.

सभा वीस दिवसांवर आली आहे, डोकं ठिकाणावर नाही, म्हणून थोडक्यात आवरते. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. आणि मॅडमना वगैरे काही लिहू नकोस.

लोभ आहेच.

भिंगरी

२१ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सरासरी मला येते. तीन-तीनदा वजन ठेवून सरासरी काढण्यात माझा जन्म गेला. दोन सम आकड्यांची सरासरी कधी सम येते, कधी विषम. तुझ्या बावीस माणसांचे वरचे नि खालचे मिळून चव्वेचाळीस आकडे आहेत, त्यांतले सदतीस विषम आहेत. पुढचं मी बोलत नाही.

तुला एक गोष्ट सांगते. ती मी कुणालाच सांगितलेली नाही, तुझ्या बाबालाही नाही. तू तेव्हा दुसरीत असशील. लहान मुलांच्या एका दवाखान्यातून अकरा काटे तपासायला आले होते, बाळांना ठेवायचे, पसरट तबकाचे. दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. आठ तपासून झाले आणि माझी पाठ धरली. आठ ठीक निघाले तर उरलेले तीनही निघतील, असं म्हणून मी अकराही काट्यांवर तपासल्याची चिठ्ठी चिकटवली. खाली माझी सही. त्या तिन्हींत काही खोट होती की नाही ते मला आजपर्यंत माहीत नाही. बहुतेक नसेल. पण एखाद्या घरी बाळ वाढत नसताना वाढतंय असं समजून सगळे निर्धास्त राहिले असतील का, याला ‘बहुतेक’ हे उत्तर पुरत नाही. तो दवाखाना पुढे बंद पडला. आता विचारायचं तरी कुणाला? अजूनही कुठे बाळाला काट्यावर ठेवताना दिसलं की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागते.

मला तेव्हा कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पहिल्यांदा मीही खोटंच बोलले असते, तुझ्यासारखी. दुसऱ्यांदा विचारल्यावर कदाचित खरं बोलले असते. म्हणून तुला दुसऱ्यांदा विचारते आहे. तिसऱ्यांदा विचारणार नाही, आणि तुझ्या मॅडमनाही लिहिणार नाही. ते काम माझं नाही.

तुझं उत्तर आलं नाही तरी माझा लोभ जागचा हलायचा नाही.

तुझी,
आत्या

२८ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

इतके दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण तुला लिहिण्याआधी दुसरीकडे सांगायचं होतं.

त्या बावीस माणसांना सुटताना मी मोजलंच नाही. वॉर्डातली परीक्षा त्याच आठवड्यात होती, लोकांना घरी पळायची घाई होती आणि अहवाल द्यायला चार दिवस उरले होते. कॅन्टीनच्या टेबलावर बसले आणि समोरचा चहा गार व्हायच्या आत बावीस माणसांचे आकडे लिहून काढले. सगळे सम आले तर खोटे दिसतील असं वाटलं. वॉर्डातल्या बॅटरीच्या यंत्रांवर रोज १२७, १३३ असलेच आकडे बघते ना मी. तुझ्या रेघा डोळ्यांसमोर आल्याच नाहीत. प्रत्येकाला त्याच्या आकड्यांचं कार्ड द्यायचं ठरलं होतं, तीही माझ्या सहीने वाटून टाकली. कार्ड घेताना लोक माझे आभार मानत होते, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

सभेच्या तीन दिवस आधी मॅडमच्या खोलीत गेले. त्या ओरडतील अशी तयारी करून गेले होते. त्या चष्मा काढून पुसत बसल्या. मग म्हणाल्या की हे तक्ते त्यांनी तीनदा वाचले होते, तरी त्यांना दिसलं नाही, याची त्यांना लाज वाटते. आत्या, तूही तेच लिहिलं होतंस. लबाडी केली मी आणि लाज वाटून घ्यायला तुमची रांग लागली.

सभेतून नाव गेलं. समितीपुढे उभी राहिले. सहा महिने मागे पडले. मैत्रिणी पुढे जातील आणि मी त्याच बाकावर राहीन. बाबांना सांगितलं तर ते दोन दिवस बोललेच नाहीत, तिसऱ्या दिवशी फोन करून नीट जेवतेस का एवढंच विचारलं. पण मॅडमनी दिलेली शिक्षा वेगळीच होती. ती बावीस कार्डं मी स्वतः जाऊन परत मागायची, का मागते आहे ते प्रत्येकाला तोंडावर सांगायचं आणि त्यांना पुन्हा मोजायचं.

ट्रॉलीवाले काका हसले, त्यांनी कार्ड केव्हाच हरवलं होतं. धुण्याच्या ड्रमवरच्या ताईने कार्डाचे दोन तुकडे करून हातात ठेवले आणि पाठ फिरवली. एक जण काम सोडून गेला आहे, त्याचा पत्ता कुणालाच माहीत नाही. तो आता माझ्याजवळ तुझ्या तीन काट्यांसारखा राहणार.

कडक मावशींना मी भीतीने शेवटी ठेवलं. त्यांचं कार्ड त्यांनी मशीनजवळच्या खिळ्याला अडकवलं होतं. १२७ आणि ८१, खाली माझी सही. मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून सगळं दुसऱ्यांदा मोठ्याने सांगावं लागलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं. मावशी म्हणाल्या की त्यांना बीपीची गोळी चालू होती. ती घेतली की सारखं लघवीला उठावं लागतं आणि गरम मशीन सोडून उठता येत नाही. माझं कार्ड हातात आलं तेव्हा त्यांनी गोळी बंद केली. घरचे रागावले, तर डॉक्टरीणबाईंनीच लिहून दिलंय असं सांगून त्यांनी कार्ड दाखवलं. आत्या, डॉक्टरीणबाई म्हणजे मी.

मला वाटलं, आता या माझी सालटी काढतील. मला तेच हवं होतं. पण त्यांनी मशीन बंद केलं, कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि खुर्ची ओढून बसल्या. पाठ टेकवली, पाय जमिनीवर ठेवले, हात पुढे केला आणि म्हणाल्या की आता नीट मोज. आणि मग त्या गप्प बसल्या. पूर्ण पाच मिनिटं. मी घड्याळाकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

वरचा १८४ आला, खालचा ११०. मी त्यांना तशीच हाताला धरून वर ओपीडीत नेलं. जिन्यात तरी बोलतील असं वाटलं होतं. बोलल्या नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, हिने सारखं उठावं लागत नाही.

आता रोज सुटताना मी त्यांना मोजते. कालचा १५२ होता. सुपरवायझरशी, सुनेशी, ट्रॉलीवाल्या काकांशी त्यांची तोफ पहिल्यासारखी चालू असते, मला ती लांबून ऐकू येते. मी पट्टा घेऊन आले की ती तोफ थांबते. त्या डोळे मिटून पाच मिनिटं बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत. काहीतरी बोला हो मावशी, असंही मला म्हणता येत नाही. नियम माझाच आहे.

आभाराच्या पानावरून तुला काढलं आहे. तुझं यंत्र आणखी सहा महिने माझ्याजवळ राहू दे. लोभ वाढव असं या वेळी लिहीत नाही, आहे त्यावरच मी गप्प बसते.

तुझी,
भिंगरी